सोमवारी मंगल मुहूर्ते

निंबदऱ्याच्या किल्ल्यावर पहाट उतरायची ती आधी दक्षिण बुरुजावर. खालची दरी अजून धुक्यात बुडालेली असे, घाटातला चौकीपहारा डोळे चोळत उठत असे, आणि तेवढ्यात त्या बुरुजाखालच्या उघड्या कड्यावर, जिथून गुन्हेगारांचा कडेलोट करण्याचा किल्ल्याचा शिरस्ता होता, तांबूस ऊन येऊन बसलेलं असे. कड्यापासून तीस पावलांवर कुंभारांची भट्टी होती आणि भट्टीला लागून तान्हाई कुंभारणीची पडवी. गेले तीन महिने तान्हाई उठल्या उठल्या त्या कड्याकडे बघायची नाही. पाठ करूनच ती तोंड धुवायची, पाठ करूनच माती मळायला बसायची.

निजामशाही उतरणीला लागली होती तेव्हाची ही गोष्ट. ऐन श्रावणात किल्लेदार सुभानराव वाखारे एका सकाळी पोटात कळ येऊन कोसळले आणि दिवेलागणीच्या आत गेले. त्यांना पाण्याचा पेला देणारा आबदार, येमाजी कोळी, त्याच संध्याकाळी बेड्यांत पडला. धाकटे बंधू नागोजीराव यांनी किल्ल्याच्या किल्ल्या कमरेला लावल्या, सबनीस विसाजीपंतांनी दरबाराला खलिता लिहिला की आबदाराने धन्याला विष घातलं, आणि गडावरच्या चारशे माणसांनी माना खाली घातल्या. दरबारचा हेजीब, म्हणजे वकील, येऊन शिक्षेवर शिक्का उठवील आणि नागोजीरावांना किल्लेदारीची सनद देईल, मग येमाजी कड्यावरून खाली, असं ठरूनच गेलं होतं.

विष कुठून आलं ते मात्र एकटी तान्हाई जाणत होती.

तिचा नवरा एका इराणी कारागिराच्या हाताखाली शिकला होता. भाजलेल्या कोऱ्या फरशीवर रंगाने वेलबुट्टी काढायची, वर गारगोटी, काच आणि टाकणखार वाटून केलेल्या पांढऱ्या लेपाचा हात द्यायचा आणि पुन्हा भट्टीत घालायची, की तोच लेप वितळून आरपार काच होतो आणि खालचा रंग कायमचा धरून ठेवतो, अशी ती विद्या. निळा रंग ज्या दगडापासून निघे, तो आधी चुलीत भाजावा लागे. भाजताना त्यातून लसणीसारखा वास येई, आणि धुराड्याच्या आत पांढरी भुकटी जमे. ती भुकटी म्हणजे सोमल, जहाल विष. नवरा त्या धुरानेच खंगून गेला. तेव्हापासून तान्हाई दर महिन्याला नाकातोंडाला फडकं बांधून धुराडं खरवडायची आणि सोमल दरीत टाकून यायची.

आषाढात विसाजीपंत स्वतः पडवीत आले होते. अंबारखान्यात उंदरांनी उच्छाद मांडलाय, तुझ्या धुराड्यातलं ते पांढरं थोडं दे, म्हणाले. सबनीसासारखा माणूस दारात आलेला, तिने काही विचारलं नाही. पुडी बांधली, पदराने धुळीचे हात पुसले आणि दिली. पुढे श्रावणात सुभानरावांच्या अंत्यदर्शनाला ती गेली, पाया पडायला वाकली, आणि त्यांच्या तोंडाला तिला लसणीचा वास आला. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य केलेला तो माणूस. तान्हाईला आपण बांधून दिलेली पुडी आठवली.

तेव्हापासून सुभानराव तिच्या पडवीत यायला लागले.

जिवंतपणीही ते यायचेच. रोज सकाळी गडाची फेरी झाली की पडवीच्या पायरीवर टेकायचे, एकदा घसा खाकरायचे आणि तिने काढलेली अक्षरं बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. देवळाच्या पट्ट्या, दरवाज्यावरचे लेख, सगळं तान्हाई कारकुनाच्या खर्ड्यावरून नुसतं आकार बघून उतरवायची. पण वीस वर्षं धनी बोट ठेवून वाचत राहिले, आणि वीस वर्षांत तिला ते आकार बोलायला लागले. कुंभारणीला वाचता येतं हे धन्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मेल्यावर ते नुसते खाकरायचे. ती मान वळवायची, तर पायरी मोकळी असायची.

ती गप्प का बसली, हे विचारायचं तर खुशाल विचारावं. तिसऱ्या दिवशी ती सदरेवर गेली होती. नागोजीरावांच्या समोर उभी राहिली आणि तिची बोबडी वळली. काय गं, काय हवंय, असं विसाजीपंतांनी विचारलं, तर लाकूडफाटा संपलाय, एवढंच तिच्या तोंडून निघालं. बाहेर आल्यावर ती स्वतःच्या थोबाडीत मारून घेत कुंभारवाड्यापर्यंत गेली. जिभेत बळ नव्हतं तिच्या, हे खरंच आहे, आणि ते लपवून तिची थोरवी वाढत नाही.

कार्तिक लागला तशी नागोजीराव बांधत असलेली छत्री पुरी होत आली. वडील भावाच्या चितेच्या जागी छत्री, तिच्या कपाळावर निळ्या फरशांची पट्टी आणि पट्टीवर लेख. भावावर केवढी माया होती हे दरबारच्या माणसाला दिसायला नको का? बारा फरशांचा लेख विसाजीपंतांनी स्वतः रचला आणि तान्हाईला खर्डा देताना ठसक्यात वाचून दाखवला:

“राजमान्य राजश्री नागोजीराव यांणी, कैलासवासी वडील बंधू सुभानराव यांस, सोमवारी मंगल मुहूर्ते छत्रीचा मान दिला. कारागीर तान्हाई.”

शेवटच्या फरशीवर कारागिराचं नाव घालायचा रिवाज सुभानरावांनीच पाडलेला. तो मोडला तर लोक बोलतील, म्हणून विसाजीपंतांनी तो राखला. हेजीब तिमाजीपंत रविवारी गडावर पोचणार, सोमवारी सकाळी त्यांच्यासमोर भट्टी उघडायची, मग सनद, मग कडेलोट, असा सगळा बेत त्यांनी आखला. रोज दोन फरशा रंगवायच्या, तिसऱ्या प्रहरी त्या आपण तपासणार, तपासल्याशिवाय लेप चढवायचा नाही, अशी ताकीद दिली आणि पडवीत एक पहारेकरी बसवला. पहारेकऱ्याला अक्षरओळख नव्हती आणि झोप मात्र भरपूर होती.

रंगासाठी तान्हाईपुढे दोन वाट्या असत. एका वाटीत दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात कालवलेली. त्या काजळीने आधी कच्ची रेघ मारायची. दुसरीत भाजलेल्या दगडाचा रंग. तो त्या रेघेवरून फिरवायचा. गंमत अशी, की ओलं असताना दोन्ही काळंच दिसतं. भट्टीत गेल्यावर दगडाचा रंग निळा होतो आणि काजळी जळून जाते, मागे डागसुद्धा राहत नाही. कुंभारवाड्यातल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. सबनिशीच्या दप्तरात मात्र ते कुठे लिहिलेलं नसतं.

लेपासाठी पाणी आणायला येमाजीलाच जुंपलं होतं. मरायच्या आधी कैद्याकडून जेवढं काम निघेल तेवढं काढावं, हा नागोजीरावांचा हिशेब. पायांत बेडी, खांद्यावर पखाल, अशा चालीने तो रोज टाक्यापासून पडवीपर्यंत यायचा. धिप्पाड गडी होता तो, आता नुसता सापळा उरला होता. पाचव्या दिवशी सकाळी नववी फरशी तान्हाईच्या मांडीवर होती. ‘सोमवारी’ची कच्ची रेघ मारून झाली होती, ‘सोम’वरून तिने रंग फिरवला होता, तेवढ्यात बेडी वाजली. ती कुंचला ठेवून उठली आणि पखाल उतरवायला तिने हात दिला. पहारेकरी भिंतीला टेकून घोरत होता.

“काकी,” येमाजी हळूच म्हणाला, “मला एक सांग. तो पेला मी आधी चाखायला हवा होता की नाही? रोज चाखायचो. त्या दिवशी सबनीस म्हणाले, धन्यांना घाई आहे, दे लवकर. मी दिला.”

“तुझा काय दोष त्यात?”

“माझ्या हातनं गेला ना पेला. धनी रोज येतात, काकी. कोठडीत येऊन उभे राहतात आणि पाणी मागतात. मी हात पुढे करत नाही.” तो पाणी ओतत राहिला. “सोमवारी सुटेन एकदाचा. ढकलतील ते बरंच करतील.”

 पुडी तान्हाईने दिली आणि मरायला निघालाय हा, आणि वर स्वतःलाच बोल लावतोय. तिला त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. पण पहारेकरी चाळवला, येमाजी पखाल उचलून चालू लागला, आणि ती परत येऊन फरशीपाशी बसली.

फरशीवरची काजळी वाळून थोडी फिकी पडली होती. रंगाचं ‘सोम’ तेवढं दाट दिसत होतं. आता इथेच थांबलं तर उरलेलं ‘वारी’ भट्टीत जळून जाईल, असं अगदी कामाच्या सवयीने तिच्या मनात आलं. तिने शेजारचा खर्डा पाहिला. मंगल. त्यातला ‘ल’.

मागे पायरीवर कुणीतरी घसा खाकरला.

या वेळी तिने मान वळवली नाही. तिचं बोट आपोआप खर्ड्यावर गेलं आणि धनी वाचायचे तसं एकेका शब्दावरून फिरू लागलं. नागोजीराव. यांणी. सुभानराव. यांस. सोम. ल. दिला. विसाजीपंतांच्या त्या गोडगोड लेखाच्या पोटात सगळी हकीकत अक्षरागणिक बसलेली होती, आणि ती तिथे त्यांनीच लिहून ठेवली होती. तान्हाईला हसूही आलं आणि रडूही आलं. आधीच्या आठ फरशा अजून लेपाविना फळीवर उभ्या होत्या. लेप चढवायच्या निमित्ताने तिने त्या उतरवल्या, नको त्या शब्दांवरचा रंग ओल्या फडक्याने टिपून काढला आणि त्या जागी काजळीने तीच अक्षरं तशीच्या तशी पुन्हा उमटवली. वेलबुट्टीची किनार तेवढी रंगाचीच राहू दिली. तपासणी झालेल्या फरशा होत्या त्या. दुपारच्या आत त्यांच्यावर पांढरा लेप बसला आणि खाली काय आहे ते देवालाही दिसेनासं झालं.

तिसऱ्या प्रहरी विसाजीपंत आले. नववी आणि दहावी फरशी त्यांनी उजेडात धरली, अक्षर न् अक्षर वाचलं आणि ‘मंगल’वर थांबले.

“हा ‘ल’ जरा दाट दिसतो गं.”

 “शेवटाला हात जड होतो, जी,” ती म्हणाली. “भाजल्यावर सारखं होतं.”

त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेलं काळं तिच्याच फडक्याला पुसलं आणि ठीक म्हणून गेले.

शनिवारी शेवटची फरशी उरली. कारागीर तान्हाई. ‘कारागीर’ तिने काजळीने काढलं. मग कुंचला धुऊन ती बराच वेळ दोन वाट्यांकडे बघत बसली. नाव काजळीने काढलं असतं, तर तेही जळून गेलं असतं. अकरा फरशा जे बोलायचं ते बोलल्या असत्या, बाराव्या फरशीवर नुसती वेल राहिली असती, आणि पुडी कुणी दिली हे जगात कुणाला कळलं नसतं. नागोजीरावांनी सोमल दिला, एवढं पुरे नव्हतं का? पण ‘दिला’ या शब्दानंतर आपलं नाव आलं तर लोक काय वाचतील, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. आणि त्यात खोटं काय होतं? तिने कुंचला दगडाच्या रंगात बुडवला आणि नाव काढलं. 

सोमवार उजाडला. नगारखाना झडला, दक्षिण बुरुजाखाली, भट्टीसमोर, गालिचे पसरले गेले आणि मध्ये हेजीब तिमाजीपंत बसले. सत्तरीचा, बारीक डोळ्यांचा, कमी बोलणारा मुत्सद्दी माणूस. उजवीकडे विसाजीपंत सनदेचा रुमाल घेऊन उभे. कड्याच्या टोकाला येमाजीला हात बांधून बसवलं होतं. छत्रीची भट्टी उघडली की पहिला हात यजमानाचा. त्यानेच एकेक फरशी काढून मांडायची आणि बारा पुऱ्या होईतो दुसऱ्याने शिवायचं नाही, हा रिवाज. नागोजीराव तलवारबहाद्दर, पण अक्षरांशी त्यांची सोयरीक फक्त स्वतःच्या नावापुरती. हेजिबासमोर त्यांनी मोठ्या झोकात शेला सावरला आणि कोमट राखेत हात घातला.

पहिली फरशी निघाली. निळी वेल, मधली जागा पांढरी. दुसरीही तशीच. नागोजीरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिसरीवर स्वतःचं नाव लखलखीत निळं उमटलेलं दिसलं, तसे ते खूश झाले आणि भराभर मांडत सुटले. चौथी, सातवी, आठवी. आठवीनंतर लोकांची कुजबूज थांबली. नववी मांडली तेव्हा विसाजीपंत दोन पावलं पुढे आले, आणि दहावी मांडली तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“थांबा. भट्टी बिघडली आहे,” ते म्हणाले. “रंग जळाला. या फरशा मोडून टाकाव्या.”

तिमाजीपंतांनी नुसता हात वर केला. “रिवाज पुरा होऊ द्या, सबनीस. किल्लेदार, उरलेल्या दोन मांडा.”

नागोजीरावांनी मांडल्या. हेजीब उठले, फरशांच्या रांगेवरून चालत गेले आणि सावकाश, मोठ्याने त्यांनी वाचलं.

“नागोजीराव यांणी. सुभानराव यांस. सोम, ल. दिला.” ते थबकले. “तान्हाई.”

 नागोजीरावांच्या हातातली राख तशीच होती. विसाजीपंत घाईघाईने बोलू लागले: हा निव्वळ भट्टीचा दोष, अक्षरं उडाली, उरली त्यांचा भलताच अर्थ लागला, आणि अर्थच लावायचा तर शेवटी नाव कुणाचं आहे तेही स्वामींनी पाहावं. हेजिबांनी ते ऐकून घेतलं आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे ते वळले.

“बाई, खरं सांगा. हा भट्टीचा दोष आहे काय?”

हो म्हटलं असतं तर? हो म्हटलं असतं, तर ती घरी गेली असती आणि येमाजी कड्यावरून गेला असता. सदरेवर जी जीभ टाळूला चिकटली होती, ती आजही जड होती. तिने बांधलेल्या येमाजीकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, आपल्याला सोडवायला कुणी येईल असं त्याच्या गावीही नव्हतं.

“नाही जी,” तान्हाई म्हणाली. “राहिलंय ते मी ठेवलं म्हणून राहिलंय. बाकीचं काजळीनं काढलं होतं. सोमल माझ्या धुराड्यातला. आषाढात या सबनिसांनी उंदरांसाठी म्हणून मागितला आणि मी या हातानं पुडी बांधून दिली. धन्यांच्या तोंडाला त्याचाच वास होता. तीन महिने मी गप्प बसले. येमाजीला सोडा जी. ढकलायचं तर मला ढकला.”

“वेडी आहे ती,” विसाजीपंत ओरडले.

“उंदरांसाठी म्हणून दिला होता ना?” तिमाजीपंतांनी शांतपणे विचारलं. “मग अंबारखान्याच्या दप्तरात आषाढातली नोंद असेलच. आणा दप्तर.”

नोंद नव्हती. पण तिथवर गोष्ट गेलीच नाही. सबनिसाने सगळ्यांच्या देखत नागोजीरावांकडे बोट दाखवलं आणि आपण हुकमाचे ताबेदार, असं म्हणून रडू लागला. नागोजीराव तलवारीला हात घालायला गेले, तो हेजिबांच्या स्वारांनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्याच दिवशी दोघांची रवानगी मुसक्या बांधून दरबाराकडे झाली. पुढे त्यांचं काय झालं ते गडावर कुणी विचारलं नाही.

येमाजीच्या बेड्या तोडल्या तेव्हा तो उठेना. तान्हाई जवळ गेली तर म्हणाला, काकी, तू हे का केलंस, मला तर जायचंच होतं. ती त्याच्याजवळ कड्याच्या टोकाला बसून राहिली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती त्या कड्यावर गेली होती.

गड उतरायच्या आधी हेजिबांनी तिला बोलावून घेतलं. अजाणता दिलेल्या पुडीबद्दल दरबार तिला शिक्षा करणार नव्हता. फरशा छत्रीवर जशा निघाल्या तशाच बसवायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं; फक्त बारावी काढून टाकू, ते म्हणाले.

“उद्या जो वाचील तो ‘दिला तान्हाई’ असं सलग वाचील, बाई. तुम्ही जीव वाचवलात एकाचा, आणि नाव लागेल विष घालणारीचं. ते आम्हांस बरं दिसत नाही.”

“राहू द्या जी,” ती म्हणाली. “दिला होता ना मी.”

फरशा बसल्या. येमाजी पुन्हा कधी आबदार झाला नाही. त्याने कुणाच्या हातात पाण्याचा पेला म्हणून दिला नाही. तो छत्रीची झाडलोट करी, आणि येणाजाणारा कुणी लेख वाचू लागला की झाडू टाकून धावत येई, बाराव्या फरशीपुढे आडवा उभा राही आणि सांगे, की इथे थांबा, हे नाव वेगळं वाचायचं, ही बाई कोण होती ते आधी ऐका. तान्हाई गेल्यावरही तो तसाच उभा राहत असे. बारा वर्षांनी एका उन्हाळ्यात तोही गेला. त्यानंतर गडावर येणारे लोक लेख सलग वाचू लागले, आणि तान्हाईच्या नावाने बोटं मोडून खाली उतरू लागले.